महेश्वर : नर्मदेच्या घाटावरचे मराठी स्मृतींचे नगर

मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वर हे छोटेखानी नगर वसलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे २४ हजार होती. इंदूरहून निघून विंध्याचा घाट उतरला की माळव्याचे पठार मागे पडते आणि निमाडचा सखल, उष्ण प्रदेश सुरू होतो. उत्तरेस विंध्य, दक्षिणेस सातपुडा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी नर्मदा अशी या प्रदेशाची रचना आहे. इंदूर ते महेश्वर हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर असून आग्रा–मुंबई महामार्गावरील धामणोद हे येथून जवळचे मोठे गाव आहे.

मराठी वाचकांस महेश्वर दोन कारणांनी परिचित असते. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांची ही राजधानी होती, आणि महेश्वरी साडी येथील हातमागांवर विणली जाते. मात्र या दोन ओळखींच्या मागे साडेतीन हजार वर्षांचा वस्तीचा इतिहास आहे आणि नदीच्या पाण्याशी बांधलेले आजचे जीवनही आहे. ३१ मे २०२५ रोजी अहिल्याबाईंच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने या नगराकडे देशाचे लक्ष वेधले गेले. त्याच पार्श्वभूमीवर महेश्वरचा इतिहास, तेथील लोकजीवन आणि नगरापुढील प्रश्न यांचा हा परिचय.

माहिष्मती : पुराण आणि पुरातत्त्व

प्राचीन वाङ्मयातील माहिष्मती नगरी म्हणजेच आजचे महेश्वर, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. काही विद्वानांनी हा मान ओंकारेश्वरजवळील मांधाता बेटास दिला होता. तथापि वाङ्मयातील उल्लेख आणि उत्खननातील पुरावे यांचा एकत्रित विचार केल्यास महेश्वरची बाजू अधिक भक्कम ठरते. पुराणांनुसार माहिष्मती ही हैहय कुळातील कार्तवीर्य सहस्रार्जुनाची राजधानी होती. महाभारतात सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयात या नगरीचा उल्लेख येतो, तर कालिदासाने ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात रेवेच्या काठच्या माहिष्मतीचे वर्णन केले आहे. आदि शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा प्रसिद्ध वाद येथेच झाला, असेही स्थानिक परंपरा सांगते. मिथिलेतील परंपरा मात्र हा मान स्वतःकडे घेते.

मराठी माणसाच्या दृष्टीने एक उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे. ‘सुत्तनिपात’ या पाली ग्रंथात बावरी नामक आचार्याचे शिष्य बुद्धाच्या भेटीस निघतात. त्यांचा मार्ग प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी असा उत्तरेकडे जातो. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. गोदावरीच्या खोऱ्यातून उत्तर भारतात जाणाऱ्या प्राचीन राजमार्गाला नर्मदा ओलांडण्याचे ठिकाण येथे मिळत असे. पतंजलीच्या ‘महाभाष्या’तही व्याकरणाचे एक उदाहरण देताना उज्जयिनीहून निघालेला प्रवासी माहिष्मतीस सूर्योदय पाहतो, असा दाखला येतो. होळकरांच्या कितीतरी आधीपासून दख्खन आणि माळवा यांना जोडणारा हा उतार वापरात होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

या वाङ्मयीन पुराव्यांना जमिनीखालचा आधार मिळाला तो स्वातंत्र्योत्तर काळात. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी १९५२-५३ मध्ये महेश्वर आणि समोरच्या तीरावरील नावडाटोली येथे उत्खनन केले. नावडाटोली म्हणजे नावाड्यांची वस्ती. प्रा. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली पुढे १९५७ ते १९५९ या काळात नावडाटोलीत पुन्हा विस्तृत उत्खनन झाले. त्यात माळवा संस्कृती या नावाने ओळखली जाणारी ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. गोल आणि चौकोनी घरांचे अवशेष, रंगीत नक्षीची मृद्भांडी, दगडी पाती आणि जळालेले धान्य हे येथील प्रमुख पुरावे होत. येथील रहिवासी प्रथम गहू पिकवीत, पुढे त्यांच्या आहारात तांदूळ, मसूर आणि इतर कडधान्ये आली, असा क्रम त्या धान्यावरून लावता आला. भारतातील प्रागैतिहासिक शेतीच्या अभ्यासात नावडाटोलीचे नाव आजही अग्रक्रमाने घेतले जाते. महेश्वरच्या घाटावर उभे राहणाऱ्या बहुतेक पर्यटकांस मात्र समोरच्या तीरावरील त्या टेकाडांचे महत्त्व ठाऊक नसते.

राजधानी : १७६७ ते १८१८

मल्हारराव होळकर यांचे १७६६ मध्ये आलमपूर येथे निधन झाले. त्यांचे पुत्र खंडेराव हे १७५४ मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात कामी आले होते. नातू मालेराव गादीवर आला, परंतु तोही १७६७ मध्ये निवर्तला. पती, सासरे आणि पुत्र यांच्या मृत्यूनंतर अहिल्याबाईंनी दौलतीचा कारभार हाती घेतला. लष्कराची जबाबदारी तुकोजी होळकर यांच्याकडे सोपवून त्यांनी राजधानी इंदूरहून महेश्वरास हलविली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथेच त्यांचे देहावसान झाले. म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे माळव्याच्या मोठ्या भागाचा कारभार या नदीकाठच्या गावातून चालला.

हा कारभार किती बारकाईने चाले आणि त्याकडे पुण्याचे लक्ष किती असे, याची साक्ष अस्सल कागदपत्रे देतात. महेश्वर दरबारातून पेशव्यांकडे जाणारी बातमीपत्रे द. ब. पारसनीस यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. येणेजाणे, देणेघेणे, तंटे, लष्कराच्या हालचाली अशा दैनंदिन बाबींची नोंद त्यांत सापडते. अठराव्या शतकातील मराठी गद्याचा नमुना म्हणूनही ती मोलाची आहेत. पुढे वा. वा. ठाकूर यांनी होळकरशाहीच्या इतिहासाची साधने संकलित केली. नर्मदेच्या काठावर लिहिलेल्या मराठीचा हा ठेवा अभ्यासकांच्या कपाटांपुरता राहू नये, अशी अपेक्षा बाळगणे गैर ठरणार नाही.

अहिल्याबाईंचा लौकिक मुख्यतः धर्मकार्याने देशभर पसरला. काशी विश्वनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर ही त्यांतील ठळक नावे. दक्षिणेत गोकर्ण आणि रामेश्वरापर्यंत त्यांच्या देणग्या पोहोचल्या होत्या. यांतील बहुतेक स्थाने होळकरांच्या मुलुखाबाहेर होती, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. विंध्याच्या कड्यावर, महू आणि मंडलेश्वर यांना जोडणाऱ्या वाटेवर १७९१ मध्ये बांधलेला जाम दरवाजा हे त्यांच्या बांधकामांपैकी आणखी एक उदाहरण. माळव्यातून निमाडात उतरण्याची ती वेस होय. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कम यांनी मध्य भारतावरील आपल्या ग्रंथात अहिल्याबाईंच्या राज्यकारभाराची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे.

अहिल्याबाईंच्या पश्चात वारसाहक्काचा कलह उसळला. यशवंतराव होळकर यांनी काही काळ दौलत सावरली. तथापि त्यांच्या मृत्यूनंतर, १८१८ मधील मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी कायमची इंदुरास गेली. महेश्वरच्या भाग्याला उतरती कळा लागली. परंतु त्यामुळेच नगराची जुनी घडण फारशी बदलली नाही. इंदुरात गिरण्या, बाजार आणि वसाहती वाढत गेल्या. महेश्वरात वाडा, घाट आणि माग जागच्या जागी राहिले.

किल्ला, घाट आणि मंदिरे

नगराचे मुख्य आकर्षण म्हणजे नदीकाठी उभा असलेला किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेले दगडी घाट. किल्ल्यातील राजवाडा पाहताना प्रथम जाणवतो तो त्याचा साधेपणा. लाकडी खांब, ओसरी, मधला चौक आणि तुळशीवृंदावन असा तो एखाद्या घरंदाज मराठी वाड्यासारखा आहे. गादीची जागा पांढऱ्या बैठकीने आजही राखलेली आहे. वाड्यालगत शिवलिंगार्चनाची परंपरा चालू आहे. ब्राह्मण रोज सकाळी काळ्या मातीची हजारो लहान शिवलिंगे घडवितात, त्यांची पूजा करतात आणि नंतर ती नर्मदेत विसर्जित करतात. अहिल्याबाईंच्या काळापासून हा नेम पाळला जात असल्याचे सांगितले जाते.

वाड्यातून पायऱ्या उतरल्यावर अहिल्येश्वर मंदिर आणि अहिल्याबाईंची छत्री लागते. यशवंतरावांच्या पत्नी कृष्णाबाई होळकर यांच्या काळात हे बांधकाम पूर्णत्वास गेले. समोरच विठोजीराव होळकर यांची छत्री आहे. तिच्या जोत्यावर कोरलेल्या हत्तींच्या रांगा विशेष प्रेक्षणीय आहेत. राजराजेश्वर मंदिरात अखंड तेवणारे तुपाचे दीप आहेत आणि सहस्रार्जुनाशी या मंदिराचे नाते जोडले जाते. काशी विश्वनाथ मंदिर नगरात आहे, तर बाणेश्वराचे छोटे मंदिर नदीच्या पात्रातील खडकावर उभे आहे. होडीतून बाणेश्वरास जाऊन येणे हा येथील यात्रेकरूंचा ठरलेला क्रम असतो.

अहिल्या घाट, पेशवा घाट, फणसे घाट ही नावेच मराठी इतिहास सांगतात. घाटांवर सतीशिळा आणि असंख्य शिवलिंगे आहेत. नगरापासून काही अंतरावर सहस्रधारा हे स्थळ आहे. तेथे खडकाळ पात्रामुळे नर्मदा अनेक प्रवाहांत विभागली जाते. सहस्रार्जुनाने आपल्या हजार बाहूंनी नदी अडविली आणि ती त्यांतून निसटून वाहिली, अशी कथा त्यामागे आहे.

मागावरचे नगर

महेश्वरात किल्ल्याइतकेच महत्त्व मागाला आहे. अहिल्याबाईंनी सुरत आणि अन्य ठिकाणांहून विणकर आणून येथे वसविले, असे परंपरेने सांगितले जाते. दरबारी पाहुण्यांना देण्यासाठी पागोटी आणि नऊवारी लुगडी विणणे हा त्यामागील एक हेतू होता. विणकरांत हिंदू आणि मुस्लिम दोन्ही समाजांची कुटुंबे आहेत आणि हा व्यवसाय पिढ्यानुपिढ्या त्यांच्या शेजारधर्माचा पाया राहिला आहे.

महेश्वरी साडी प्रारंभी सुती होती. पुढे ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा अशी मिश्र वीण रूढ झाली. त्यामुळे साडीस हलकेपणा आणि मंद झळाळी येते, आणि उन्हाळ्यातही ती सुसह्य वाटते. अंग बहुधा साधे, रेघांचे किंवा चौकटींचे असते. कारागिरी दिसते ती काठात आणि पदरात. काठ दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने साडी कोणत्याही बाजूने नेसता येते. पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे. काठावरील चटई, वीट, हिरा, चमेली आणि लाट ही नक्षी किल्ल्याच्या भिंतींवरून व नदीच्या तरंगांवरून घेतलेली आहे, असे विणकर अभिमानाने सांगतात. या साडीस भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

संस्थाने विलीन झाली आणि राजाश्रय सरला, तेव्हा गिरणीच्या आणि पुढे यंत्रमागाच्या कापडापुढे हा व्यवसाय जवळजवळ मोडकळीस आला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ ही संस्था स्थापन केली. रेवा या नर्मदेच्याच नावावरून ते नाव आले. किल्ल्याच्या परिसरात माग बसवून प्रामुख्याने स्त्रियांना विणकाम शिकविण्यात आले, आणि विक्रीतील उत्पन्नातून आरोग्य व मुलांचे शिक्षण यांसाठी तरतूद झाली. सॅली होळकर यांनी पुढे ‘वुमनवीव्ह’ ही दुसरी संस्था उभी केली आणि तरुण विणकरांसाठी ‘हँडलूम स्कूल’ सुरू केले. तेथे विणकामाबरोबर रचना, हिशेब आणि ग्राहकांशी व्यवहार यांचेही शिक्षण दिले जाते. आजी विणत होती म्हणून नात विणते, एवढ्यावर कला टिकत नाही. नातीला त्यातून पुरेशी मिळकत व्हावी लागते, हे सूत्र त्यामागे आहे.

आज गल्लीबोळांतून फिरताना धोट्याचा ठेका कानी पडतो. मात्र संकट टळलेले नाही. यंत्रमागावर विणलेली नक्कल ‘महेश्वरी’ म्हणून स्वस्तात विकली जाते. एका हातमागावरील साडीस कित्येक दिवस लागतात. नक्कल त्या वेळेशी स्पर्धा करीत नाही, ती केवळ किमतीशी करते. मराठी घरांतून लग्नकार्याला आवर्जून महेश्वरी घेतली जाते. ती घेताना हातमागाची खूण तपासून घेतल्यास त्याचा लाभ थेट मागापर्यंत पोहोचतो.

सण, परिक्रमा आणि लोकजीवन

महेश्वरची बोली निमाडी. होळकरकाळात आलेल्या मराठी कुटुंबांच्या आठवणी वाड्यांतून आणि आडनावांतून शिल्लक आहेत. निमाडचा सर्वांत जिव्हाळ्याचा सण म्हणजे चैत्रातील गणगौर. त्यात गौरीला लेकीसारखे घरी आणून, गाणी गाऊन तिची बोळवण केली जाते. मराठी वाचकांस त्यात चैत्रगौर आणि भाद्रपदातील गौरी यांची छटा सहज दिसेल. माघ शुद्ध सप्तमीस नर्मदा जयंती साजरी होते. त्या सायंकाळी घाटावरून सोडलेल्या दिव्यांनी पात्र उजळून निघते. महाशिवरात्र, श्रावण सोमवार आणि अहिल्याबाईंची जयंती व पुण्यतिथी हे इतर मोठे दिवस. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास ‘निमाड उत्सव’ भरतो.

वर्षभर घाटावर भेटतात ते परिक्रमावासी. नर्मदा उजव्या हाताला ठेवून, तिला न ओलांडता दोन्ही तीरांवरून चालण्याची ही प्रथा महाराष्ट्रात विशेष लोकप्रिय आहे. १,३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीची पायी प्रदक्षिणा करणाऱ्यांत मराठी मंडळींची संख्या लक्षणीय असते. त्यामागे वाङ्मयाचीही प्रेरणा आहे. गो. नी. दांडेकर यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकांनी अनेकांची पावले इकडे वळविली. कोकणातील माणगावी जन्मलेले प. पू. वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबेस्वामी यांची समाधी याच नदीच्या काठी, गुजरातेत गरुडेश्वर येथे आहे. त्यामुळे सिंधुदुर्ग आणि गोव्यातील दत्तभक्तांनाही नर्मदा परकी नाही. परिक्रमेस आलेल्या नाशिकच्या भारती ठाकूर पुढे निमाडातच स्थायिक झाल्या. त्यांनी लेपा येथे ‘नर्मदालय’ सुरू करून नदीकाठच्या मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. महाराष्ट्र आणि निमाड यांचे नाते होळकरांबरोबर संपले नाही, याचा हा वर्तमानकालीन दाखला.

नदीचे पाणी आणि नगराचे भवितव्य

महेश्वरचे सर्व वैभव नदीकाठचे आहे, आणि म्हणूनच त्याचे भवितव्य नदीच्या पाण्यावर अवलंबून आहे. नर्मदा आता पूर्वीसारखी मोकळी वाहत नाही. वरच्या अंगास इंदिरासागर आणि ओंकारेश्वर ही धरणे आहेत, तर खालच्या अंगास सरदार सरोवराचा फुगवटा निमाडच्या गावांत शिरलेला आहे. २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा बडवानी आणि धार जिल्ह्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली.

महेश्वरच्या नावाचे धरण मात्र अर्धवट राहिले. मंडलेश्वरजवळचा ४०० मेगावॅटचा महेश्वर जलविद्युत प्रकल्प १९९० च्या दशकात खासगी क्षेत्राकडे सोपविण्यात आला. साठाहून अधिक गावे बाधित होणार असल्याने नर्मदा बचाओ आंदोलनाच्या नेतृत्वाखाली शेतकरी, मजूर, केवट आणि वाळूवर उपजीविका करणाऱ्यांनी तीव्र लढा दिला. जानेवारी १९९८ मध्ये हजारो ग्रामस्थांनी धरणाच्या जागेचा ताबा घेतला होता. विदेशी भागीदार एकेक करून बाहेर पडले. भिंत उभी राहिली, परंतु पुनर्वसन आणि अर्थकारण यांचा मेळ बसला नाही. अखेर २०२० मध्ये राज्य शासनाने वीजखरेदीचा करार रद्द केला. विजेची गरज खरी होती आणि विस्थापितांचे प्रश्नही खरे होते. या दोहोंचा हिशेब आधी न मांडल्याने काय घडते, याचे ती भिंत उदाहरण ठरली आहे.

पाण्याच्या या नियंत्रणाचा अनुभव घाटांनाही येतो. वरील धरणांतून विसर्ग वाढला की पातळी झपाट्याने चढते. सप्टेंबर २०२३ च्या पुरात महेश्वरचे घाट पाण्याखाली गेले होते. घाटाच्या पायऱ्या पूर सोसण्यासाठीच बांधलेल्या आहेत; परंतु घाटावर पोट असलेले नावाडी, फुलविक्रेते आणि छोटे दुकानदार यांना वेळेवर मिळणारी पूर्वसूचना हाच खरा आधार असतो.

दुसरा प्रश्न पर्यटनाचा. ‘अशोका’, ‘यमला पगला दीवाना’, ‘पॅडमॅन’ अशा चित्रपटांचे चित्रीकरण येथे झाले आणि घाटांची छायाचित्रे सर्वदूर पोहोचली. त्रिशताब्दीच्या निमित्ताने २४ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक महेश्वरात झाली. तीत महेश्वरसह राज्यातील अनेक धार्मिक नगरांत दारूबंदीचा निर्णय घेण्यात आला व तो १ एप्रिल २०२५ पासून अमलात आला. वाढत्या गर्दीने हॉटेले, होड्या आणि साड्यांची दुकाने यांस बळ मिळते. त्याच वेळी कचरा, वाहने आणि अनिर्बंध बांधकाम यांचा भार अरुंद गल्ल्यांवर आणि नदीवर पडतो.

भेट देणाऱ्यांसाठी

महेश्वरास जाण्यासाठी इंदूर हे सोयीचे ठिकाण आहे. तेथे विमानतळ व रेल्वे स्थानक असून पुढील प्रवास रस्त्याने करावा लागतो. ऑक्टोबर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. निमाडचा उन्हाळा कडक असतो. किल्ला, वाडा, छत्र्या आणि घाट एका दिवसात पाहून होतात. तथापि सकाळचे लिंगार्चन, एखाद्या विणकराचा माग, बाणेश्वराची होडी आणि सायंकाळची आरती यांसाठी एक मुक्काम राखावा. जोडीने मंडलेश्वर, सहस्रधारा आणि ओंकारेश्वर पाहता येते. परतीच्या वाटेवर जाम दरवाजाजवळ थांबल्यास खाली पसरलेले संपूर्ण निमाड एका दृष्टिक्षेपात येते. अहिल्याबाईंच्या काळी माळव्यातून महेश्वराकडे उतरणारे प्रवासी याच वाटेने जात असत.